दाट झाडीतला डिस्क गोल्फ: वाट निवडणे आणि वाट राखणे

डिस्क गोल्फचा पाया गोल्फचाच आहे. ठरलेल्या जागेवरून खेळ सुरू करायचा, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींमध्ये लक्ष्य गाठायचे. काठी आणि चेंडूऐवजी येथे हाताने फेकायची प्लास्टिकची डिस्क असते, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी लोखंडी खांबावर बसवलेली बास्केट असते. बास्केटच्या वरच्या कड्यातून साखळ्या लोंबत असतात. त्या डिस्कचा वेग शोषून घेतात आणि डिस्क खालच्या जाळीत पडते. सुरुवातीच्या जागेला टी म्हणतात, टीपासून बास्केटपर्यंत खेळण्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे फेअरवे, आणि हे सगळे मिळून एक होल होतो. पूर्ण कोर्सवर बहुधा असे १८ होल असतात आणि प्रत्येक होलसाठी अपेक्षित फेकींचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात.

या खेळाचे झाडांशी नाते पहिल्यापासूनचे आहे. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ मध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स तयार झाला. तो आखणारे एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन स्थापन केली, आणि साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. पुढे हा खेळ उघड्या माळांवर आणि मोठ्या हिरवळींवरही रुजला. तरीही अमेरिकेतील व्हरमाँटमधील ब्रूस्टर रिज किंवा केंटकीतील आयडलवाइल्ड यांसारख्या झाडीतल्या कोर्सचे नाव खेळाडू वेगळ्या आदराने घेतात. ब्रूस्टर रिज ज्या स्मगलर्स नॉच परिसरात आहे, तिथे २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी व्यावसायिक खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली. हा आदर केवळ झाडांच्या संख्येमुळे मिळत नाही. झाडे कुठेही असतात. त्यांच्यामधून डिस्क नेण्याचा प्रश्न खेळाडूपुढे स्पष्टपणे मांडला जाणे, आणि त्या प्रश्नाला कौशल्याने देता येईल असे उत्तर असणे, हे मात्र आखणी आणि निगा यांवरच अवलंबून असते.

उघड्या मैदानावर दिशा चुकलेली फेक दहा-पंधरा मीटर बाजूला पडते आणि पुढची फेक तिथूनही बऱ्यापैकी करता येते. झाडीत तीच चूक खोडावर आदळते आणि डिस्क टीपासून थोड्याच अंतरावर, कदाचित झुडपांच्या मागे, जाऊन पडते. म्हणून झाडीतल्या कोर्सवर ताकदीपेक्षा अचूकतेला अधिक मोल असते. ही अचूकता नेमकी किती लागते, हे थोड्या भूमितीने समजून घेता येते आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

समजा, टीपासून २० मीटरवर दोन झाडे आहेत आणि त्यांच्यामध्ये ३ मीटरची फट आहे. डिस्कचा व्यास साधारण २१ सेंटीमीटर असतो, त्यामुळे डिस्कच्या मध्यबिंदूला प्रत्यक्षात सुमारे २.८ मीटरच जागा मिळते. फटीच्या मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना १.४ मीटरची सूट उरते, आणि २० मीटर अंतरावर १.४ मीटर म्हणजे सुमारे ४ अंश. हीच फट १० मीटरवर असती तर सूट ८ अंशांची झाली असती. ४० मीटरवर असती तर केवळ २ अंशांची. डोळ्यांना मात्र याच्या उलट वाटते. जवळची झाडे मोठी दिसतात, अंगावर आल्यासारखी वाटतात आणि नवा खेळाडू त्यांनाच बिचकतो. दूरची फट हिरव्या पडद्यातल्या उजेडाच्या पट्ट्यासारखी दिसत असल्याने सोपी वाटते. खरे पाहता जवळच्या फटीतून जाणे सोपे असते, पण ती चुकली तर नुकसान जास्त होते, कारण सगळी फेक तिथेच संपते. म्हणून अनुभवी खेळाडू टीवर उभे राहिल्यावर बास्केट शोधण्याआधी पहिली फट ठरवतात.

त्यानंतरचा हिशेब अनेक फटींचा असतो. एखाद्या फटीतून डिस्क नेण्यात आपण पाचपैकी चार वेळा यशस्वी होतो असे मानले, तर एकापाठोपाठ एक अशा दोन फटी पार करण्याची शक्यता १६/२५, म्हणजे ६४ टक्के उरते, आणि तिसरी फट जोडली की ती ५१ टक्क्यांवर येते. म्हणजे प्रत्येक फट सुटी पाहिली तर सोपी असली, तरी तीन मिळून जवळजवळ नाणेफेकीसारखी गत होते. हे एकदा लक्षात आले की दुसऱ्या फटीच्या पलीकडे मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा का असते, हे कळू लागते. चांगल्या आखणीत अशी उतरण्याची जागा दिलेली असते आणि तिथे डिस्क ठेवून पुढची फेक नव्याने करणे हा भित्रेपणा ठरत नाही. माझ्या मते झाडीतल्या कोर्सवर गुणसंख्या बिघडते ती बहुतेक वेळा या एका हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

आता डिस्क हवेत वळते कशी, याकडे वळू, कारण झाडांमधली वाट क्वचितच सरळ असते. उजव्या हाताने बॅकहँड पद्धतीने, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जाते. तिला वर धरणारा हवेचा जोर बरोबर मध्यबिंदूवर लागत नाही. डिस्क वेगात आणि सपाट जात असते तेव्हा हा जोर मध्याच्या किंचित मागे लागतो आणि डिस्कचे पुढचे टोक खाली दाबू पाहतो. वेग ओसरून डिस्क खाली उतरू लागली की तो पुढे सरकतो आणि पुढचे टोक वर उचलू पाहतो. स्थिर वस्तू अशा जोराने सरळ पुढे किंवा मागे कलली असती. फिरणारी वस्तू तसे करत नाही. तिचा कल त्या जोराला काटकोनात असलेल्या दिशेने जातो. त्यामुळे वेगात असलेली डिस्क उजवीकडे कलते, याला टर्न म्हणतात, आणि वेग उतरल्यावर डावीकडे कलते, याला फेड म्हणतात. डाव्या हाताने बॅकहँड फेकली किंवा उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे हात त्याच बाजूने पुढे आणून, फेकली, तर डिस्क उलट दिशेने फिरते आणि ही दोन्ही वळणेही उलटी होतात.

अनेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगण्याची क्षमता, टर्न आणि फेड. २, ३, ०, १ असे आकडे असलेली डिस्क सावकाश फेकली तरी जवळजवळ सरळ जाते आणि शेवटी किंचित डावीकडे झुकते. अशा डिस्कला पटर म्हणतात. १२, ५, -१, ३ असे आकडे असलेल्या ड्रायव्हरची, म्हणजे लांब फेकीसाठीच्या डिस्कची, कड रुंद आणि धारदार असते, आणि तिच्या आकड्यांप्रमाणे उड्डाण मिळवण्यासाठी फेकीला तेवढाच वेग असावा लागतो. तो वेग नसला तर टर्नचा टप्पा येतच नाही आणि डिस्क लवकरच डावीकडच्या झाडांत शिरते. म्हणूनच झाडीत पटर आणि मध्यम वेगाच्या मिडरेंज डिस्क अधिक विश्वासाच्या ठरतात. त्या कमी वेगातही सांगितलेल्या वाटेने जातात, आणि ६० मीटर सरळ गेलेली डिस्क ही ९० मीटर जाऊ शकणाऱ्या पण १५ मीटरवर खोडाला लागलेल्या डिस्कपेक्षा केव्हाही चांगली. ज्यांना झाडीत खेळायला शिकायचे आहे त्यांनी काही काळ ड्रायव्हर पिशवीतच ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वाट डावीकडे वळत असेल तर डिस्कची बाहेरची, म्हणजे हातापासून दूरची, कड खाली झुकवून फेकायची, म्हणजे ती सुरुवातीपासूनच डावीकडे वळत जाते. याला हायझर म्हणतात. उजवीकडे वळणाऱ्या वाटेसाठी ती कड वर ठेवून अ‍ॅनहायझर फेकता येतो, मात्र शेवटी फेड आपले काम करतेच आणि डिस्क पुन्हा सरळ होऊ पाहते, म्हणून तीव्र उजव्या वळणासाठी फोरहँड अधिक भरवशाचा असतो. यापेक्षा नाजूक आणि झाडीत अतिशय उपयोगी असा प्रकार म्हणजे हायझर फ्लिप. यात टर्न जास्त असलेली डिस्क मुद्दाम हायझरच्या कोनात, पण चांगल्या वेगाने फेकतात. टर्नमुळे ती हवेत उठून सपाट होते आणि मग लांबवर सरळ जाते. अरुंद आणि लांब फेअरवेसाठी इतके सुंदर उड्डाण दुसरे नाही, पण कोन आणि वेग यांचा मेळ बसायला खूप सराव लागतो.

झाडीला बाजूंच्या भिंतींबरोबर छतही असते, आणि ही गोष्ट नव्या खेळाडूच्या ध्यानात बरीच उशिरा येते. डिस्क सोडताना तिचे पुढचे टोक थोडे जरी वर राहिले, तरी ती वर चढते, वेग गमावते, फांद्यांना लागते किंवा फेडमुळे बाजूला पडते. उघड्या मैदानावर हा दोष खपून जातो. चार मीटर उंचीवर फांद्या असलेल्या फेअरवेवर खपत नाही. मनगटाची ठेवण आणि खांद्यांचा कल सुधारून पुढचे टोक सपाट किंवा किंचित खाली ठेवण्याची सवय झाडीत लवकर लागते. छत फारच खाली असेल तर गुडघा टेकवून फेकणे नियमात बसते, आणि कधी कधी डिस्क कडेवर उभी करून जमिनीवरून चाकासारखी घरंगळत नेणे हाच एकमेव मार्ग उरतो. अशा फेकीला रोलर म्हणतात आणि ती यशस्वी होण्यासाठी जमीन मुळे, दगड आणि पडलेल्या फांद्या यांपासून बऱ्यापैकी मोकळी असावी लागते.

फेक चुकून डिस्क झाडांमध्ये गेली की नियमांचे ज्ञान कामाला येते. डिस्क जिथे थांबली तिथे छोटी मार्कर डिस्क ठेवता येते, आणि तिच्या मागे २० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर लांब एवढी जागा ही पुढच्या फेकीची जागा मानली जाते. डिस्क सोडताना एक पाय किंवा शरीराचा दुसरा आधार त्या जागेत असला पाहिजे आणि कोणताही आधार मार्करच्या मागच्या कडेपेक्षा लक्ष्याच्या जवळ असता कामा नये. दुसरा पाय मात्र बाजूला हवा तेवढा लांब टाकता येतो, आणि खोडामागे अडकलेल्या खेळाडूला त्यामुळेच नवी फट दिसते. बास्केटपासून १० मीटरच्या आत असताना फेकीनंतर तोल सावरून दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिस्क झाडावर अडकली तर सामान्यतः तिच्या बरोबर खालच्या जमिनीवर जागा धरली जाते. मोठ्या खोडामुळे उभे राहणेच अशक्य असेल, तर लक्ष्याच्या रेषेवर त्या खोडाच्या लगेच मागे जागा घेता येते आणि त्याबद्दल दंड होत नाही.

फांद्यांबाबतचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उभे राहताना कोर्सचा भाग असलेल्या झाडाझुडपांची कमीत कमी हालचाल होईल अशी ठेवण निवडावी लागते. एकदा उभे राहिल्यावर हात फिरवायला जागा व्हावी म्हणून फांदी वाकवता, धरून ठेवता किंवा मोडता येत नाही. फेकताना हाताचा ओघाने स्पर्श झाला तर चालते. पाय ठेवण्याच्या जागेवरच्या सुट्या काटक्या, पाने आणि दगड बाजूला करता येतात. म्हणजे जे सुटे आहे ते हलवता येते आणि जे वाढते आहे त्याच्यासाठी खेळाडूने आपली फेक बदलायची असते.

अडचणीतून सुटताना मनात मोठी आशा येते. दोन झाडांमधून, मग तिसऱ्याच्या डावीकडून गेली तर थेट बास्केटजवळ पोहोचेल अशी एक वाट दिसते आणि हात शिवशिवतो. वर केलेला फटींचा हिशेब इथे आणखी कठोर होतो, कारण आता फटी अरुंद असतात, पाय अवघडलेले असतात आणि धावत येऊन फेकायला जागा नसते. सर्वांत मोठ्या फटीतून दहा मीटर बाजूला, फेअरवेच्या मध्यावर डिस्क आणणे यात एक फेक खर्च होते. आशेच्या मागे लागल्यास दोन-तीन जातात. झाडीतले कसलेले खेळाडू वेगळे उठून दिसतात ते या छोट्या, शांतपणे केलेल्या फेकींमुळे.

आता निगेविषयी, कारण वरचे सगळे तिच्यावर उभे आहे. जंगल आपल्या गतीने वाढत असते. दोन हंगाम लक्ष दिले नाही तर ३ मीटरची फट २ मीटरची होते, कमरेएवढी झुडपे छातीपर्यंत येतात आणि आखणाऱ्याने डावीकडून मुद्दाम ठेवलेली दुसरी वाट बुजून जाते. मग उत्तम फेकही एखाद्या नव्या डहाळीला लागून वाया जाते आणि वाईट फेक नशिबाने पार होते. खेळातला कौशल्याचा वाटा कमी होतो. याउलट कोणी अतिउत्साहाने दोन्ही बाजूंची झाडे कापली, तर होलचा प्रश्नच नाहीसा होतो. चांगली निगा या दोन्ही टोकांच्या मध्ये असते: मोठी झाडे जशीच्या तशी, फटींमध्ये आलेल्या खालच्या डहाळ्या छाटलेल्या, फेअरवेच्या कडेची झुडपे डिस्क सापडेल इतपत विरळ, आणि वाळून अर्धवट लटकणाऱ्या मोठ्या फांद्या वेळीच उतरवलेल्या. शेवटची गोष्ट तर जिवाच्या सुरक्षिततेची आहे, म्हणून ते काम जाणत्या माणसांनीच करावे.

जमिनीखालचे नुकसान डोळ्यांना उशिरा दिसते. बास्केट आणि टी यांच्या भोवती रोज शेकडो पावले पडतात, माती दबते, पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचेनाशी होते, पाऊस वरचा थर वाहून नेतो आणि मुळे उघडी पडतात. काही वर्षांनी झाडाचा शेंडा वाळू लागतो, आणि तोवर उपाय करायला उशीर झालेला असतो. म्हणून राखलेल्या कोर्सवर चालण्याच्या वाटांवर आणि बास्केटभोवती लाकडाच्या चिपांचा जाड थर घालतात, उतारावर आडव्या ओंडक्यांच्या पायऱ्या बसवतात आणि टीवर काँक्रीट किंवा रबराची घट्ट, न घसरणारी फरशी करतात. टीच्या फलकावर अंतर, पार आणि फेअरवेचा नकाशा असतो, आणि होल संपल्यावर पुढच्या टीकडे बाण दाखवलेला असतो. दाट झाडीत हा बाण नसेल तर नवखा माणूस चुकून दुसऱ्याच फेअरवेवर, म्हणजे कोणाच्या तरी फेकीच्या वाटेत, जाऊन उभा राहू शकतो.

हा धोका खरा आहे. स्पर्धेच्या डिस्कचे वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे २१ सेंटीमीटरची डिस्क सुमारे १७४ ग्रॅमची आणि कडेने टणक असते. झाडीतल्या अनेक होलवर टीवरून बास्केट दिसत नाही, म्हणून पुढचा गट निघून गेल्याची खात्री करूनच फेकावे, शंका असेल तर एकाने पुढे जाऊन पाहावे, आणि डिस्क कोणाच्या दिशेने गेली तर लगेच मोठ्याने ओरडून सावध करावे. पुढे गेलेल्या साथीदाराचा आणखी एक उपयोग होतो: खोडाला लागून डिस्क कुठे वळली हे त्याला दिसते. स्पर्धेत डिस्क शोधायला ३ मिनिटे मिळतात. ती न सापडल्यास एका फेकीचा दंड होतो आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेकावे लागते. पानगळीत लाल, केशरी आणि तपकिरी डिस्क पाचोळ्यात हरवतात, उन्हाळ्यात हिरव्या हरवतात. गडद गुलाबी रंग बहुतेक ऋतूंत उठून दिसतो. मागच्या बाजूला आपले नाव आणि संपर्क लिहून ठेवला तर सापडलेली डिस्क परत मिळण्याची शक्यता वाढते.

दर काही महिन्यांनी बास्केट जागा बदलून बसवण्याची पद्धत अनेक कोर्सवर आहे. त्यासाठी एकाच होलवर जमिनीत दोन किंवा तीन नळ्या पुरलेल्या असतात आणि खांब त्यांपैकी एकीत बसतो. यामुळे खेळाडूला तोच होल नव्या प्रश्नासह मिळतो, आणि जुन्या जागेभोवतीच्या मातीला सैल व्हायला व गवत पुन्हा धरायला अवधी मिळतो. त्या काळात तिथे दोरी बांधलेली किंवा फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या तर थोडा वळसा घालून जावे, कारण नुकतीच उगवलेली रोपे आणि मुळांवरची मोकळी माती काही दिवसांच्या पावलांनीही पुन्हा दबते.